हे तर कुणालाही सुचलं असतं!

पेटंटच्या अर्जावर सरकारी कार्यालयाचा पहिला तपासणी अहवाल येतो. आमच्या धंद्यात त्याला ‘एफईआर’ म्हणतात. त्यातलं एक वाक्य मला आता पाठ झालंय: डी१ मध्ये अमुक भाग दिसतो, डी२ मध्ये तमुक, दोन्हींचा मेळ घालणं या विषयातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखं आहे, सबब दाव्यात ‘इन्व्हेंटिव्ह स्टेप’ नाही. डी म्हणजे डॉक्युमेंट, आधीचा कुठलाही छापील कागद. कधी जपानी पेटंट, कधी एखाद्या कंपनीचं जुनं माहितीपत्रक. हे वाक्य वाचून दाखवलं की समोरचा माणूस हमखास दुखावतो. “म्हणजे मॅडम, हे कुणालाही सुचलं असतं असं म्हणतायत ते?” हो, तसंच म्हणतायत. फक्त ‘कुणालाही’ म्हणजे नेमकं कुणाला, यावर जगभरच्या कोर्टांत पावणेदोनशे वर्षं भांडणं चालू आहेत.

मी पुण्यात पेटंट एजंट आहे, शिक्षणाने इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. माझ्याकडे येणाऱ्या एकट्यादुकट्या संशोधकांत फोनला जोडायच्या वस्तू घेऊन येणारे पुष्कळ. साहजिकच आहे, फोन प्रत्येकाच्या हातात असतो आणि प्रत्येकाला कुठे ना कुठे छळतो. कुणी कव्हरला कार्डाचा कप्पा शिवून आणतो, कुणी चार्जरच्या वायरला गुंडाळायची चकती लावतो, कुणी बोटात अडकवायची कडी. “ॲमेझॉनवर सगळीकडे बघितलं, असं काहीच नाही,” हे पहिलं वाक्य. खरं असेलही. पण त्याने वस्तू नवी आहे एवढंच सिद्ध होतं. पेटंटसाठी ती नवी हवी आणि शिवाय सहज सुचण्यापलीकडची हवी. पहिल्या उंबरठ्यावर फार थोडे अडखळतात, दुसऱ्यावर बहुतेक.

हा दुसरा उंबरठा समजून घ्यायला मी एका अमेरिकन खटल्याची फाइल पुढे ठेवते. वस्तू साधी आहे, घरातल्या टेलिफोनची. नव्वदच्या दशकात तिकडे लँडलाइनवर कॉलर आयडी रुळला होता. पहिली आणि दुसरी रिंग यांच्या मधल्या शांततेत एक्स्चेंजकडून माहितीचा एक छोटासा तुकडा तारेवरून येतो, त्यात फोन करणाऱ्याचा नंबर आणि नाव असतं. फोनशेजारची डबी ते पडद्यावर दाखवते. अडचण अशी की पडदा वाचायला उठून फोनपर्यंत जावं लागतं, आणि तिथवर गेल्यावर माणूस उचलतोच! मग डबीने नाव मोठ्याने बोलून दाखवलं तर? क्लासको नावाच्या कंपनीकडे फोन करणाऱ्याची ओळख बोलून सांगणाऱ्या उपकरणाचं पेटंट होतं, क्रमांक ६,९७०,६९५, मंजुरी २००५ ची. ॲपलशी त्यावरून वाद झाला, तेव्हा ॲपलने पेटंट कार्यालयाकडे फेरतपासणी मागितली आणि जुने कागद पुढे टाकले.

त्यातले दोन महत्त्वाचे. फुजिओका यांच्या आधीच्या पेटंटमध्ये फोन करणाऱ्याची ओळख आवाजात सांगण्याची कल्पना होती. म्हणजे लोकांना ज्याचं अप्रूप वाटलं तो बोलका भाग आधीच जगात होता. उरला प्रश्न स्पीकरचा: नावाची घोषणा आणि पलीकडच्या माणसाचं बोलणं एकाच स्पीकरमधून ऐकवणं. त्यासाठी गुलिक यांचं पेटंट काढलं गेलं. त्यातल्या टेलिफोनमध्ये एकच स्पीकर निरनिराळ्या आवाजांसाठी वापरलेला होता. पेटंट कार्यालय म्हणालं, फुजिओकात गुलिक मिसळा, क्लासको तयार.

क्लासकोच्या वकिलांचा बचाव वरवर पाहता चोख होता. जुने भाग एकत्र आले आणि प्रत्येक भाग आपलं जुनंच काम करत राहिला, तरच त्या मिश्रणाला ‘सहज’ म्हणता येईल. इथे गुलिकच्या स्पीकरला नव्या जोडणीत वेगळं काम करावं लागतं, म्हणून तो नियम लागू नाही, असं त्यांचं म्हणणं. २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट या अपील न्यायालयाने ते फेटाळलं. जाणकार माणूस म्हणजे कोड्याचे तुकडे तंतोतंत बसले तरच जोडणारा नव्हे. थोडं घासून, वाकवून तुकडे बसवण्याइतकी अक्कल त्याला असते, असा निकालाचा आशय. पेटंट गेलं.

मला हा निकाल पटतो, आणि का पटतो ते कायद्यापेक्षा सोल्डरिंगच्या टेबलावर जास्त नीट कळतं. स्पीकरला कशाचा आवाज आला याच्याशी देणंघेणं नसतं. त्याच्या गुंडाळीत विजेचा प्रवाह वरखाली होतो आणि पडदा हलतो, मग तो प्रवाह मावशीच्या बोलण्याचा असो की चिपमधल्या साठवलेल्या नावाचा. दोन सिग्नल आळीपाळीने एका स्पीकरला देणं हे डिप्लोमाच्या मुलांकडून प्रॅक्टिकलमध्ये करून घेण्यासारखं काम. तिथे कुठली भिंत नव्हती जी कुणीतरी फोडली.

तर हा ‘जाणकार’. कायद्याने निर्माण केलेला हा माणूस विचित्र आहे. त्याने आपल्या विषयातलं जगातलं प्रत्येक पेटंट, प्रत्येक लेख, प्रत्येक कॅटलॉग वाचलेला असतो, मग तो कोरियन भाषेत का असेना. पण प्रतिभा मात्र बेताची. आपल्यापैकी कुणीच असा नसतो; आपण वाचलेलं असतं थोडं आणि स्वतःच्या प्रतिभेबद्दलचे समज मोठे. या माणसाला अर्जाच्या तारखेला उभं करायचं, समोर सगळे जुने कागद पसरायचे आणि विचारायचं: बाबा रे, तुला हे सुचलं असतं का? नवी वस्तू मात्र त्याला दाखवायची नाही. खरी मेख इथेच आहे, कारण विचारणाऱ्या परीक्षकाने आणि न्यायाधीशाने ती वस्तू पाहिलेली असते, खिशात बाळगलेली असते. उत्तर माहीत असताना प्रश्न सोपा वाटणारच. म्हणून परीक्षकाने नुसतं ‘सोपं आहे’ म्हणून चालत नाही. हे दोन कागद त्या माणसाने एकत्र का वाचले असते, याचं कारण लिहावं लागतं.

कारण किती भक्कम हवं, यावरही अमेरिकेत मोठं युद्ध झालं, आणि तेही टेलिफोनवरून नाही, मोटारीच्या ॲक्सिलरेटरवरून. टेलिफ्लेक्स कंपनीच्या पेटंटमध्ये पुढेमागे सरकवता येणाऱ्या पॅडलला इलेक्ट्रॉनिक सेन्सर जोडलेला होता, तोही पॅडलच्या न हलणाऱ्या खुंटीवर. असं पॅडलही जुनं, सेन्सरही जुना. त्या काळी फेडरल सर्किटची पद्धत अशी की जुन्या कागदांतच कुठेतरी ‘हे ते जोडून पाहा’ असा इशारा सापडायला हवा. तो नाही सापडला तर पेटंट सहसा वाचायचं. २००७ मध्ये केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ही आखीव पद्धत मोडली. न्यायमूर्ती केनेडींनी लिहिलेल्या निकालाचा गाभा असा की हा साधारण कुवतीचा जाणकारही थोडंफार डोकं चालवतो, तो यंत्रमानव नव्हे. बाजाराची मागणी असेल, मोजकेच मार्ग समोर असतील, तर त्यातला एखादा तो चाचपून पाहीलच. क्लासकोची बाजू इथूनच दुबळी झाली होती.

त्याआधी दुसऱ्या टोकाला जाऊनही झालं होतं. गाडीत मोबाइलचा चार्जर ज्या गोल भोकात खुपसतो, ते मुळात सिगारेट पेटवायच्या लायटरचं. त्या लायटरला थर्मोस्टॅट जोडून तो तापल्यावर आपोआप बंद व्हावा, असं पेटंट होतं. १९४१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं आणि म्हटलं की शोधामागे प्रतिभेची वीज चमकलेली दिसली पाहिजे. चमकली की नाही हे मोजायचं कुणी आणि कशाने? शेवटी १९५२ च्या कायद्यात तिकडच्या संसदेने स्पष्ट लिहिलं, की शोध कसा लागला यावरून पेटंट नाकारायचं नाही. वीज चमकून लागो की दहा वर्षं घासून, बघायचं ते फक्त जुनं ज्ञान आणि नवी वस्तू यांतलं अंतर. घासणाऱ्या जमातीतली असल्यामुळे मला ही दुरुस्ती फार न्याय्य वाटते.

फोनच्या ॲक्सेसरीवाल्यांना मी आणखी एक जुनी गोष्ट सांगते, कारण ती त्यांना थेट लागू पडते. १८५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या हायमन लिपमन यांनी शेंड्याला खोडरबर असलेल्या पेन्सिलीचं पेटंट घेतलं. पुढे ते रेकेंडॉर्फर नावाच्या माणसाने विकत घेतलं आणि फेबर कंपनीवर दावा ठोकला. १८७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, यात शोध नाही. पेन्सिल पेन्सिलीसारखीच लिहिते, रबर रबरासारखंच खोडतं. जवळ आल्याने कुणीही दुसऱ्याच्या कामात भर घातलेली नाही. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातलं कलम ३(फ) याच वळणाचं आहे: माहीत असलेली साधनं नुसती शेजारी मांडली, आणि प्रत्येक साधन आपापलं काम स्वतंत्रपणे नेहमीसारखंच करत राहिलं, तर तो शोधच नव्हे. मोबाइलच्या कव्हरला आरसा. पॉवरबँकेला टॉर्च. सेल्फी स्टिकला पंखा. हे सगळं विकायला छान आहे, खपेलही. पेटंटच्या अर्जाचे पैसे मात्र वाचवा, असं मी सांगते, आणि त्या दिवशीची माझी फी बुडते.

मग तरतं काय? माझ्या मते या विषयातला सगळ्यात बोलका खटला १९६६ चा, बर्ट ॲडम्स यांच्या बॅटरीचा. मॅग्नेशियम आणि क्युप्रस क्लोराइड ही दोन ध्रुवद्रव्यं वापरून त्यांनी बॅटरी बनवली. नुसतं पाणी घातलं की सुरू. दोन्ही पदार्थ बॅटरीच्या जगात माहीत होते. कागदावर पाहिलं तर एकाच्या जागी दुसरं टाकलं, एवढंच. पण तेव्हाच्या जाणकारांची समजूत अशी की अशी बॅटरी चालणार नाही, धोकादायक ठरेल. अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरच्या तज्ज्ञांनीही आधी विश्वास ठेवला नाही. नंतर सरकारने तीच बॅटरी वापरली आणि पैसे द्यायच्या वेळी म्हटलं, हे तर उघडच होतं! सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं ऐकलं नाही. जुनं ज्ञान ‘तिकडे जाऊ नकोस’ म्हणत असताना जो तिकडे गेला आणि जिंकून आला, त्याचा शोध सहज सुचणारा नव्हता.

त्याच वर्षीच्या ग्रॅहम विरुद्ध जॉन डीअर या निकालाने न्यायाधीशांना बाजारातल्या पुराव्याकडेही बघायला सांगितलं: माल किती खपला, गरज किती वर्षं तुंबलेली होती, इतरांनी प्रयत्न करून हात टेकले होते का. पश्चातबुद्धीवर हा एक उतारा. पण तो जपून घ्यावा लागतो. क्लासकोनेही आपल्या उपकरणाचं झालेलं कौतुक पुढे केलं होतं. अपील न्यायालय म्हणालं, पेटंट कार्यालयाने या पुराव्याला काहीच वजन दिलं नाही ही त्यांची चूक. तरी वजन देऊनही पारडं फिरत नाही. याचं मर्म माझ्या अशिलांना समजावताना घाम फुटतो. लोकांनी वाहवा कशाची केली, हे बघायचं असतं. बोलक्या डबीची वाहवा झाली असेल, तर बोलणं आधीच फुजिओकांचं होतं. नव्या तुकड्याचं कौतुक झालं तरच ते कामाचं. रंग, नाव, जाहिरात यांच्या जोरावर खपलेल्या लाखो नगांचाही इथे उपयोग नाही.

आता आपल्याकडे. पुण्यातून अर्ज जातो तो मुंबईच्या कार्यालयात, अँटॉप हिलला. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड इथले अर्ज तिथेच. कायद्यात इन्व्हेंटिव्ह स्टेपची व्याख्या आहे: उपलब्ध ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही, आणि त्यामुळे जाणकाराला सहज न सुचणारा शोध. ‘आर्थिक महत्त्व’ हे शब्द २००५ च्या दुरुस्तीने व्याख्येत आले आणि ते वाचून बरेच जण हुरळतात, वस्तू स्वस्त झाली की काम झालं असं वाटतं त्यांना. वाक्याचा दुसरा अर्धा भाग तेवढाच बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने तर १९७८ मध्येच बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम या खटल्यात पाया घातला होता. मिर्झापूरच्या भांडी बनवणाऱ्यांचं भांडण. लेथवर भांडं घट्ट धरायच्या साधनाचं पेटंट. कारखान्यातल्या कुशल कारागिराने रोजच्या कामात केली असती अशी सुधारणा म्हणजे शोध नव्हे, असं म्हणून न्यायालयाने ते रद्द ठरवलं.

टेलिफोनच्या बाबतीत आपल्याकडचं गाजलेलं प्रकरण दोन सिमकार्डांचं. तमिळनाडूतल्या रामकुमार यांना एकाहून अधिक सिम आणि त्यांच्या जोडीला कानाला लावायच्या साधनांच्या जोडण्या असलेल्या मोबाइलचं पेटंट २००८ मध्ये मिळालं, क्रमांक २१४३८८. दुसऱ्या वर्षी त्यांनी कस्टम्सकडे धाव घेतली आणि दोन सिमचे आयात फोन बंदरावर अडू लागले. ज्या देशात अर्धा बाजार एक सिम बोलायला आणि दुसरं स्वस्त रिचार्जला ठेवत होता, तिथे व्यापाऱ्यांची झोप उडाली. स्पाइस मोबाइल्सने पेटंट रद्द करायची मागणी केली आणि २०१२ मध्ये चेन्नईच्या बौद्धिक संपदा अपील मंडळाने, जे २०२१ मध्ये बंद झालं, इन्व्हेंटिव्ह स्टेपच्या अभावावरून ते रद्द केलं. बड्या कंपन्यांनी एकट्या संशोधकाला चिरडलं, असा सूर तेव्हा लागला होता. मला तो पटत नाही. एका सॉकेटच्या जागी दोन, एका जॅकच्या जागी दोन, हे मोजणीने वाढवणं आहे. माझा राग उलटा आहे: असं पेटंट आधी मंजूर होतं आणि माल अडतो, हा तपासणीतला ढिसाळपणा एकट्यादुकट्या माणसालाच महागात पडतो, कारण त्याला खोटी आशा लागते.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी वस्तूचे फायदे विचारतच नाही. फायदे सगळ्यांना तोंडपाठ असतात. मी विचारते, इतक्या लोकांच्या हातात फोन असताना हे आधी कुणी का केलं नाही? ‘कुणाच्या लक्षात आलं नाही’ हे उत्तर आलं, तर मी पुढच्या अपयशाचं भाकीत तिथेच करते. ‘करून पाहिलं, पण जमत नव्हतं’ असं आलं की वही उघडते.

परवा भोसरीचा एक तरुण फॅब्रिकेटर मोटरसायकलला लावायचा मोबाइल होल्डर घेऊन आला. दुकानात अजून ठेवला नव्हता, हे नशीब. आपल्याकडे अर्जाआधी माल उघड विकला तर नवेपणच जातं. फोनच्या कॅमेऱ्यात चित्र स्थिर ठेवणारी बारीक हलती भिंगं असतात आणि मोटरसायकलच्या कंपनांनी ती बिघडू शकतात, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच दिलेला आहे. यावर या तरुणाचा उपाय काय, तर खाली रबर. मी म्हटलं, रबर तर इंजिनाखालीही असतं. त्याचा चेहरा पडला. मग जाता जाता म्हणाला, “पण मॅडम, मऊ रबर लावलं तेव्हा जास्तच थरथरत होता.”

बसवून घेतलं त्याला. मऊ रबरावर ठेवलेल्या फोनची स्वतःची डोलायची गती कमी होते, आणि एका सिलिंडरच्या गाडीच्या निवांत चालणाऱ्या इंजिनाच्या ठोक्यांशी ती जुळली की फोन नुसता नाचतो. म्हणजे जितकं मऊ तितकं चांगलं, ही सगळ्यांची समजूत इथे उलटी पडत होती. त्याने दोन वेगळ्या कडकपणाची रबरं एकाखाली एक बसवली होती, मध्ये ठरावीक फट ठेवून. थोड्या हलण्यात एकच काम करतं, जास्त हललं की दुसरं टेकतं. फोनमधल्याच एका ॲपवर त्याने कंपनं मोजलेली होती, वेगवेगळ्या रबरांवर, वहीत तारखांसकट. दाखवायचं मात्र डोक्यात नव्हतं. त्याला अभिमान होता तो फोन एका हाताने अडकवता येण्याचा.

एका हाताने अडकवायचा खटका दाव्यातून काढला. दोन रबरांच्या कडकपणातलं नातं आणि मधली फट, एवढंच ठेवलं. त्याला हे रुचलेलं नाही. “होल्डर सगळा माझा आणि हक्क फक्त त्या फटीवर?” असं फोन करून पुन्हा विचारलं त्याने. फटीवरच, आणि तोही मऊ रबराचे आकडे वाढलेले दाखवणारी पानं परीक्षकाला पटली तर. पानांचे फोटो धूसर आलेत, वही घेऊन या, असं त्याला सांगितलंय.